धाब्यावर आता खारी टाकू नका

जळगाव जिल्ह्यात, पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. घराचे दोन भाग आहेत. पुढचं धाब्याचं, म्हणजे लाकडी तुळया-कड्यांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं, आजेसासऱ्यांच्या वेळचं. मागे २००४ साली बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. अकरा दिवसांपासून झड लागली आहे. धाबं तीन ठिकाणी गळतंय आणि रस्त्याकडच्या भिंतीला पोट आल्यासारखं दिसतंय. मागच्या खोलीत छताला काळे डाग पडलेत, पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकतंय, आणि स्वयंपाकघरातल्या बटणाला हात लावला की झिणझिण्या येतात. सासूबाईंनी धाब्यावर टाकायला खारीची (खारट, बारीक मातीची) ट्रॉली मागवली आहे, ती दारात येऊन पडली. नवरा म्हणतो वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवू, दीर म्हणतो सगळ्यावर पत्रे ठोकून मोकळे होऊ. शेवटी पंचनाम्याबद्दल विचारलंय, आणि जाता जाता लिहिलंय की सासूबाई अजून पुढच्या घरातच झोपतात.

ताई, मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. आज दिवेलागणीच्या आत सासूबाईंची खाट मागे हलवा. "लगीन होऊन याच घरात आले, ते मला काय करणार" असं त्या म्हणतील. माझी आजीही म्हणायची. तरी हलवा. मातीची भिंत पडण्याआधी कुरकुरते, माती झरते, पण झोपेतल्या म्हाताऱ्या माणसाला उठून दार गाठायला तेवढा वेळ पुरत नाही. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्याकडे, गुरं बांधत असाल तर तीही सोडवा. शेजाऱ्यांच्या पोरांना तिथून जायला मनाई करा.

दुसरं काम बटणाचं. झिणझिण्या म्हणजे ओल्या भिंतीत वीज उतरली आहे. मेन स्विच कोरड्या हातानं, पायात रबरी चप्पल घालून बंद करा. बोर्डच ओला असेल तर त्याला हात लावू नका, महावितरणच्या १९१२ वर कळवून खांबावरून बंद करून घ्या. एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: मेन बंद केला तरी इन्व्हर्टर चालू असतो, आणि त्याची वीज त्याच भिंतीतून फिरत असते. तोही बंद करा. मग वायरमनला सांगा की ओल्या खोल्यांचं सर्किट तोडून उरलेल्या घराचं चालू करून दे, आणि मेनजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसव. लहान एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला वाचवतो तो हा. पंख्याच्या हुकातून पाणी येतंय म्हणजे गळती हुकाच्या वरच आहे असं समजू नका. स्लॅबमध्ये वायरचे पाईप पुरलेले असतात, पाणी कुठेतरी त्या पाईपमध्ये शिरतं आणि आठ-दहा फूट प्रवास करून हुकापाशी बाहेर पडतं. पंखा तोवर लावायचा नाही.

आता मुद्द्याचं. घरात तीन माणसांचे तीन उपाय आहेत आणि माझ्या मते आज तिन्ही चूक आहेत. पावसात घर दुरुस्त होत नाही. पावसात तीनच कामं होतात: वजन कमी करणं, पाणी वळवणं आणि टेकू देणं. बाकी सगळं दिवाळीनंतर. मी एकतीस वर्षं अमळनेर, पारोळा, एरंडोल या पट्ट्यात बांधकामं करतोय, आणि लोकांचे जास्तीत जास्त पैसे कुठे वाया गेले म्हणाल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घाईनं करून घेतलेल्या दुरुस्त्यांत.

खारीचं आधी सांगतो, कारण ती दारात पडली आहे आणि सासूबाईंचं म्हणणं अगदी खोटं नाही. खारी ही साधी माती नव्हे. तिच्यात क्षार असतात, कण अतिशय बारीक असतात. पहिला पाऊस पडला की हे कण फुगून एकमेकांत बसतात, वरचा थर मेणासारखा चिकट होतो आणि पाणी खाली न मुरता पन्हाळीकडे सरकतं. क्षारामुळे वर गवतही फारसं उगवत नाही, म्हणजे मुळं थर फोडत नाहीत. सहाशे-सातशे मिलिमीटरच्या, मधे मधे उघडीप देणाऱ्या पावसाला ही युक्ती पिढ्यान् पिढ्या पुरली. पण ती चालते कोरडी पसरून, धुमसानं चोपून, पहिल्या पावसाच्या आधी टाकली तर. आमच्याकडे आखाजी (अक्षय्य तृतीया) उरकली की धाब्याकडे बघायचं, ते याच कारणानं. चिखलावर टाकलेली खारी चोपली जात नाही. ती नुसती वजन होऊन बसते.

आणि वजनाचा हिशेब कोणी करत नाही, म्हणून मी करतो. दहा बाय बाराच्या खणावर एक इंच माती म्हणजे बरोबर दहा घनफूट. कोरडी माती घनफुटाला साधारण ४५ किलो भरते. म्हणजे एक इंच खारी म्हणजे साडेचार क्विंटल. साडेचार क्विंटल कापूस नेऊन माळ्यावर ठेवा म्हटलं तर तुम्ही दहा वेळा विचार कराल, पण खारी दरवर्षी जुनी न खरवडता वरून टाकली जाते. मी पाहिलेल्या जुन्या धाब्यांवर नऊ इंच, फूटभर, एका ठिकाणी तर सव्वा फुटाचा थर होता. नऊ इंचांचे झाले चार टन. ते भिजलं की पाण्याचं वजन धरून पाच टनांवर जातं. आजेसासऱ्यांनी तुळया आणि कड्या टाकल्या त्या चार-पाच इंच मातीसाठी. तेव्हा सागवान नवं होतं. आता त्याच कडीचं भिंतीतलं टोक ओलीनं आणि उधईनं खाल्लेलं असतं, मधला भाग मात्र टणटणीत दिसतो. धाबं मधून मोडत नाही, टोकाशी सुटतं. म्हणून "लाकूड चांगलं आहे, मी ठोकून पाहिलं" याला अर्थ नाही. ठोकायचं असतं ते भिंतीत शिरतं तिथे.

तेव्हा आधी टेकू. ज्या तुळईखाली ओल जास्त आहे तिच्या दोन्ही टोकांशी, भिंतीपासून दीड-दोन फुटांवर एकेक. घरात बल्ल्या नसतील तर पारोळ्याला किंवा अमळनेरला सेंट्रिंगवाल्याकडे लोखंडी जॅक रोजानं भाड्यानं मिळतात, ते उत्तम. खाली जमीन मातीची आहे, ओली आहे. टेकू थेट तिच्यावर उभा केला तर दोन तासांत खचेल. खाली दोन फूट लांबीची जाड फळी आडवी टाका, वर तुळईखालीही फळी द्या, आणि पाचर मारून घट्ट करा. घट्ट म्हणजे हाताला हलणार नाही इतकंच. उत्साहानं घण मारून तुळई वर उचलायला जाऊ नका, भिंतीवरची बैठक सुटते आणि जे व्हायला नको तेच होतं. हे काम ज्यानं आधी केलंय त्यालाच सांगा, आणि काम चालू असताना घरात दोनच माणसं असू द्या.

टेकू बसल्यावर पाणी वळवा. धाब्यावर चढू नका, माणसाचं वजन नेमकं मऊ जागेवर पडतं. शिडी बाहेरून, भक्कम बाजूला लावून आधी पन्हाळ बघा. निम्म्या वेळा पन्हाळीच्या तोंडाशी माती, पाला, कबुतराचं घरटं असतं आणि मागे तळं साचलेलं असतं. काठीनं ते मोकळं केलं की अर्धी गळती थांबते. मग वर प्लास्टिकचा कागद. शेतातला मल्चिंग पेपर आणू नका, तो वीस-तीस मायक्रॉनचा असतो, एका वाऱ्यात फाटतो. कुणाकडे शेततळ्याच्या अस्तराचा उरलेला पाचशे मायक्रॉनचा तुकडा असेल तर तो मागा. आपल्या केळीच्या पट्ट्यात तो सापडतो, आणि आणीबाणीत त्याच्यासारखं छप्पर नाही. ताडपत्री चालेल, पण भोकं असलेली नको. कागद वरंडीच्या (भिंतीच्या माथ्याच्या कडेच्या) बाहेर दीड-दोन फूट खाली लोंबला पाहिजे, नाहीतर त्यावरून वाहिलेलं सगळं पाणी भिंतीच्या माथ्यात शिरेल. मातीच्या भिंतीत वरून पाणी शिरणं हे गळतीपेक्षा वाईट. कडांना वाळूनं अर्धी भरलेली पोती दोरीनं जोडून दोन्ही बाजूंनी लोंबती ठेवा. वर दगड मांडू नका, पुन्हा वजनच.

दोन दिवसांची उघडीप मिळाली आणि टेकू पक्के असले तर थोडी माती उतरवता येईल. कडीवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसून, एका खणाची सगळी एकदम नाही, तर सगळ्या खणांची दोन-दोन इंच, सारखी. आणि उतरवलेली माती भिंतीच्या पायाशी ढीग करू नका. हे मी दर वर्षी बघतो: वरची माती काढली, खाली भिंतीला लावून टाकली, तिनं बांध घातल्यासारखं पाणी अडवलं, आणि वाचवलेली भिंत खालून गेली. तीच गोष्ट त्या ट्रॉलीतल्या खारीची.

भिंतीला पोट खरंच आलंय की भास आहे, हे डोळ्यांनी ठरवू नका. ओळंबा लावा. ओळंबा नसेल तर दोऱ्याला कुलूप बांधा. भिंतीच्या माथ्याजवळ एक खिळा, त्याला दोरा, आणि वर-मध्ये-खाली दोऱ्यापासून भिंतीचं अंतर मोजून पेन्सिलीनं तिथेच तारखेसह लिहा. सकाळ-संध्याकाळ मोजा. चार दिवस आकडा तोच राहिला तर पोट जुनं आहे, धीर धरा. एका सुतानं जरी वाढत असेल, किंवा पायाशी माती भुसभुशीत होऊन झरत असेल, तर त्या खोलीत आता सामान आणायलाही जायचं नाही. दादरची (ज्वारीची) पोती, भांडी, कपाटातले कागद जे काय असेल ते आधीच, आजच काढा. आणि पाऊस थांबला म्हणून लगेच परत राहायला जाऊ नका. माझ्या अनुभवात उघडीप पडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही भिंती बसल्या आहेत, कारण आतलं पाणी तसंच असतं आणि लोकांची सावधगिरी मात्र उन्हाबरोबर वाळते.

इथे माझी एक चूक सांगतो, उपयोगी पडेल. धंद्यात नवा असताना एका नातेवाइकाची अशीच मातीची भिंत मी "कायमची पक्की" करून दिली: बाहेरून जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा. दोन वर्षं सगळे खूश. तिसऱ्या पावसाळ्यात ती आडवी झाली. सिमेंटनं बाहेरचा पाऊस अडवला, पण माथ्यातून आणि जमिनीतून शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाटही बंद केली. माती आतल्या आत शिजली. त्या वेळी आमचे एक म्हातारे मिस्तरी अहिराणीत म्हणाले होते, "पानी वाट शोधीच लेस, भाऊ." तेव्हा कुणी पावसानंतर तुम्हाला मातीच्या भिंतीला सिमेंट लावून देतो म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा. माती, भुसा, शेण यांचा गिलावा, आणि पायाशी दीड-दोन फूट दगड किंवा भाजक्या विटा. एवढंच तिला मानवतं.

स्लॅबबद्दल. आपली घरं मुळात उन्हासाठी बांधलेली असतात, पावसासाठी नाहीत, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात रात्री गच्चीवर झोपायचं, कुरडया-पापड वाळवायचे, म्हणून गच्ची सपाट हवी. मग उतार कोण देणार? खिडकीत कुलर बसवायचा म्हणून जाळी कापलेली, कुलर काढल्यावर तिथे पुठ्ठा. छज्जे नावापुरते. आणि सगळ्यात मोठा चोर: पुढे-मागे वरचा मजला चढवू म्हणून खांबांच्या सळयांचे तुरे गच्चीवर मोकळे सोडलेले. वीस वर्षांत मजला चढत नाही, सळई मात्र गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, काँक्रीट फोडतो आणि त्या फटीतून पाणी थेट खांबात उतरतं. तुमच्याकडे असे तुरे आहेत का, ते लिहिलं नाहीत. असतील तर संशयित क्रमांक एक तेच.

विजा कडाडत नसताना गच्चीवर जा आणि आधी पाणी जायच्या पाईपचं तोंड बघा. तीन इंच पाणी साचलं तर दहा बाय बाराच्या खोलीवर साडेआठशे किलो उभे राहतात, आणि ते तास न् तास मुरत बसतं. पाईप तुंबलेला असेल तर मोकळा करा, तरी पाणी राहत असेल तर झाडूनं लोटा, दिवसातून तीनदा लोटा. हा झाडू दहा हजारांच्या कोटिंगपेक्षा जास्त काम करतो. मग कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तो कोपरा बघा. तिथे सिमेंटची गोलाई (वाटा) मारलेली नसेल तर भेग दिसेलच. पावसात तिथे सिमेंट धरत नाही, फक्त डांबरी चिकटपट्टी जागा पुसून, कोरडी करून दाबता आली तर दाबा, तीही तात्पुरती. तुऱ्यांभोवती प्लास्टिकची पिशवी उलटी घालून तारेनं आवळा. टाकीचा ओव्हरफ्लो गच्चीवर पडत असेल तर त्याला नळी लावून खाली सोडा. डिशचे, सोलरचे बोल्ट कुठे ठोकलेत तेही आठवा.

वॉटरप्रूफिंगवाल्याला आज बोलावू नका, यावर मी ठाम आहे. ओल्या स्लॅबवर मारलेलं कोणतंही कोटिंग खालच्या वाफेनं फुगतं आणि पोपडे धरतं. एका गावात तर भर श्रावणात पैसे घेऊन दोन हात मारून गेलेल्या माणसाचं कोटिंग पोळ्याच्या आत भाकरीच्या पापुद्र्यासारखं हातात आलेलं मी पाहिलं. त्यानं दिलेली दहा वर्षांची गॅरंटी कागदावर शाबूत होती. आतून छताला पुट्टी, रंग, आणि आजकाल निघालेली ती पीव्हीसीची पॅनलं, हेही नको. पॅनल म्हणजे जखमेवर झाकण. मागे काय चाललंय ते वर्षभर दिसत नाही आणि मग एक दिवस काँक्रीटचा पापुद्राच पॅनलसकट खाली येतो. छताला रंगाचा फुगा आला असेल तर सुईनं टोचून पाणी बादलीत उतरवा. लांब काठीनं छत ठोकून बघा, कुठे बद्द आवाज आला तर त्याखाली पाळणा, पलंग ठेवू नका.

काळे डाग बुरशीचे आहेत. सासूबाईंना दमा किंवा खोकला असेल तर त्यांना त्या कोपऱ्यापासून लांब झोपवा. धाब्यातून हलवून बुरशीत नेऊन ठेवलं असं व्हायला नको. कोरड्या फडक्यानं झाडू नका, बी उडतं. ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी करून, तोंडाला फडकं बांधून, खिडक्या उघड्या ठेवून पुसा. आणि एक धोक्याची गोष्ट: फरशी धुवायचं ॲसिड त्याच बादलीत किंवा त्याच जागी वापरू नका. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत तो जीवघेणा ठरतो.

तुमची जमीन काळी आहे का? पारोळ्याच्या बऱ्याच शिवारात आहे. दारं अचानक अडकायला लागली असतील, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेल्या असतील, तर तो छताचा दोष नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि एका बाजूचा पाया उचलते. मे महिन्यात आकसते आणि तीच भेग वेगळी उघडते. या भेगा भरायची घाई नको. घराभोवती तीन-चार फुटांची बाहेर उतार दिलेली फरशी, आणि न्हाणीघराचा शोषखड्डा भिंतीपासून लांब, याचा फायदा भेग भरण्यापेक्षा जास्त. काळ्या मातीत शोषखड्डा तसाही नीट शोषत नाही, ते पाणी पायाशीच हिंडतं.

तुमच्याकडे पूर शिरलेला नाही हे नशीब समजा. ३०-३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं, कन्नड घाटात दरडी आल्या, त्यानंतर मी तिथे काही घरं बघायला गेलो होतो. पुराचं घर वेगळं असतं. तिथे आधी पायाखालची माती वाहून गेली का ते बघायचं, आणि गाळ ओला असतानाच काढायचा, वाळला की तो विटेसारखा होतो. झडीचं घर संथपणे मरतं, म्हणून लोक गाफील राहतात.

पंचनामा. आधी फोटो, मग आवराआवर. लोक उलटं करतात. लांबून एक, ज्यात घर ओळखू येईल. मग भिंत, छत, आतलं सामान. फोटोत तारीख येऊ द्या. तलाठ्यांकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) लेखी अर्ज द्या, एक प्रत ग्रामपंचायतीत, आणि दोन्हीची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं झडीत वाहून जातं. सोबत घराचा नमुना ८ चा उतारा, आधार, बँक पासबुक. तुमच्याबाबत मला एक शंका आहे: पुढचं घर अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे का? असेल तर मदत तिथेच अडकते. दीर आणि इतर हिस्सेदारांचं संमतिपत्र आत्ताच करून ठेवा, आणि वारसांची नावं लावायचा अर्जही देऊन टाका.

रकमेबद्दल भलत्या आशा नकोत. केंद्रानं आपत्ती निधीसाठी २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाला जे निकष ठरवले, त्यात सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये, अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये होते. अंशतः म्हणजे निदान १५ टक्के नुकसान. घराला जोडलेल्या गोठ्याला ३,०००. राज्य सरकार कधी कधी वेगळा निर्णय काढून वाढवतं, तो त्या त्या वेळी तहसीलमध्ये विचारायचा. महसुलाच्या भाषेत अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. झडीत रोज वीस-पंचवीस पडून भिंत बसते आणि मग "तुमच्या मंडळात अतिवृष्टीच नाही" असं ऐकावं लागतं. त्यासाठी अर्जात किती दिवस सलग पाऊस होता, भिंत कोणत्या तारखेला, किती वाजता पडली, हे स्पष्ट लिहा. अर्ज नाही दिला तर वाद घालायलाही जागा उरत नाही. मागच्या खोल्या कर्ज काढून बांधल्या असतील तर बँकेत विमा आहे का विचारा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, तिच्यात पूर-वादळ येतं. हळूहळू मुरलेली ओल मात्र येत नाही.

दीराच्या पत्र्यांविषयी: कल्पना वाईट नाही, वेळ आणि पद्धत वाईट आहे. धाब्यावर पत्र्याचं छप्पर घालून मातीला पावसापासून सुटका देणं मी स्वतः सुचवतो, पण त्याचे पाय मातीच्या भिंतीवर ठेवायचे नाहीत. स्वतंत्र लोखंडी किंवा काँक्रीटचे खांब, स्वतंत्र पाया, जे-हूकनं बांधलेले पत्रे. मे-जूनच्या वावटळीत केळीच्या बागा आडव्या होतात तिथे दगडांनी दाबलेला पत्रा म्हणजे उडती कुऱ्हाड. आणि पत्र्यावरून पडणारं पाणी चार फूट लांब टाकणारी पन्हाळ लावायची, नाहीतर सगळा उतार पुन्हा भिंतीच्या पायाशी.

पुढचं वेळापत्रक सांगतो. भिंती वाळायला आमचा ढोबळ हिशेब इंचाला महिना असा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी वाळत असली तरी तिला चार-साडेचार महिने द्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास रंगाचा विचार करा. वाळली की नाही ते बघायला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर अजून नाही. गच्चीचं काम डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा स्लॅब कोरडा असतो आणि सिमेंटला पाणी मारता येतं; आपल्या मे महिन्यात केलेला कोबा (गच्चीवरचा उताराचा थर) पाणी मारायच्या आत तडकतो. कोबा करताना दहा फुटांना निदान सव्वा इंच उतार मागा आणि पैसे देण्याआधी पाईपचं तोंड बंद करून गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून बघा. तुरे छाटून गंज घासून काँक्रीटच्या खोप्यात बंद करा. मजला चढवायचा झाला तर तेव्हा पुन्हा उघडता येतील.

धाबं फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडा. सगळी जुनी माती खाली उतरवा, किती इंच निघाली ते मोजून ठेवा, मला कळवलंत तर बरं वाटेल. कड्यांची टोकं भिंतीतून मोकळी करून पेचकसानं टोचा. अर्धा इंच सहज आत गेला तर ती कडी बदला, नुसतं डांबर फासून पुन्हा बसवू नका. किलचण (कड्यांवर अंथरायच्या लाकडी चिपा) नवं, त्यावर पाला, त्यावर चार इंच माती, आणि आखाजीनंतर सगळ्यात वर इंचभर खारी, चोपून. सासूबाईंनी मागवलेली हीच खारी तेव्हा कामी येईल. तोवर तिच्यावर ताडपत्री घाला, आणि ढीग भिंतीपासून दहा फूट लांब सरकवा.